ट्यूबाचा सोलो: लोकांना काय ऐकवावं

ट्यूबा म्हणजे बँडमधलं खालच्या सुरांचं मोठं पितळी वाद्य. सोलोची, म्हणजे एकट्याने वाजवायची संधी मिळाली की पुष्कळ ट्यूबावादक सर्वांत अवघड नंबर काढतात. माझा आग्रह वेगळा आहे. आधी ट्यूबाला गाऊ द्या. बँडमध्ये लोकांनी त्याचा फक्त ठेका ऐकलेला असतो. त्यातून सलग चाल निघाली की सभागृह एकदम शांत होतं.

मराठी श्रोत्यांपुढे मी ‘घनश्याम सुंदरा’ घेतो. ‘अमर भूपाळी’ (1951) या चित्रपटातली वसंत देसाईंची ही चाल सर्वांना पाठ असते. बी फ्लॅट ट्यूबावर षड्ज (सा) काळी पाचला, म्हणजे पेटीवरच्या बी फ्लॅटलाच धरा, म्हणजे बोटं सोपी पडतात आणि पेटीवाल्यालाही एका शब्दात पट्टी सांगता येते. मात्र श्वासाच्या जागा पेन्सिलीने आधीच खुणावून ठेवा. तुम्ही नुसते सूर वाजवत असलात तरी श्रोते मनात शब्द म्हणत असतात. ‘घनश्या’वर श्वास घेतलात तर ते लगेच खटकतं. ट्यूबाला हवा भरपूर लागते, त्यामुळे लय किंचित पुढे ठेवावी, पण शब्द तोडू नये. ज्या गाण्याचा जीव मींडेत, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाण्यात आहे ते मात्र सोडून द्या. व्हॉल्व्ह (सूर बदलायची कळ) दाबला की सूर उडी मारतो, आणि ओठांनी ती उडी पूर्ण झाकता येत नाही.

पाश्चात्त्य संगीत ऐकणारे असतील तर इंग्रज संगीतकार वॉन विल्यम्स यांच्या ट्यूबा कन्चेर्टोतला (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेतला) मधला भाग, ‘रोमान्झा’, पियानोसोबत घ्या. 1954 साली लंडनमध्ये हा कन्चेर्टो पहिल्यांदा वाजला तेव्हा ते 81 वर्षांचे होते. इतकी कोवळी चाल या वाद्यासाठी कुणी लिहिली याचं मला अजून नवल वाटतं. जर्मन संगीतकार हिंडेमिथचा ट्यूबा-पियानोसाठीचा सोनाटा मला आवडतो, पण तो जाणकारांच्या बैठकीसाठी राखून ठेवा.

मुलं असतील तर अमेरिकन संगीतकार अ‍ॅलेक वाइल्डर यांचा एफी हत्तिणीवरचा सूट, म्हणजे छोट्या तुकड्यांची मालिका. प्रत्येक तुकड्याआधी नाव सांगा: एफी माकडामागे धावते, एफी प्रेमात पडते. पुढचं चित्र मुलं स्वतःच रंगवतात.

शेवटाला इटालियन संगीतकार माँटीचा ‘चार्डाश’. मूळ व्हायोलिनचा नंबर; आधी संथ, मग भरधाव. ओय्स्टाइन बोड्सविक या नॉर्वेच्या वादकाचं रेकॉर्डिंग जरूर ऐका, पण त्याचा वेग आपल्यावर लादू नका. प्रत्येक सूर स्वच्छ कळेल तोच तुमचा वेग. व्हायोलिनच्या हार्मोनिक्सची (तारेला हलकं बोट टेकवून काढलेल्या बारीक, उंच सुरांची) जागा साध्या, हलक्या सुरांत वाजवा.

सगळं मिळून दहा-बारा मिनिटांत आटोपा. आणि आदल्या दिवशी सभागृहात जाऊन वाजवून बघा: घुमणाऱ्या हॉलमध्ये खालच्या सप्तकातल्या जलद ताना एकमेकींत मिसळतात. तसं झालं तर त्या एक सप्तक वर घ्या.