फॅन फिरत नाही म्हणून मोटर काढण्याआधी

गॅरेजला नव्याने लागलेल्या मुलाच्या वाट्याला एक तक्रार हमखास येते : "गाडी ट्रॅफिकमध्ये तापते, हायवेला काही होत नाही." हे वाक्य नीट ऐका. हायवेला समोरच्या वाऱ्यानेच रेडिएटर थंड होतो, उभ्या गाडीत मात्र सगळी भिस्त फॅनवर असते. म्हणजे गिऱ्हाइकाने अर्धं निदान स्वतःच सांगून टाकलंय. उलट गाडी मोकळ्या रस्त्यावर वेगात असतानाही तापत असेल तर फॅनच्या मागे लागू नका. तिथे चोक झालेला रेडिएटर, वॉटर पंप, अडकलेला थर्मोस्टॅट हे आधी बघायचं. काही जुन्या डिझेल गाड्यांत तर फॅन बेल्टवरच फिरतो, त्याला वायर नसतेच. तिथे हे पुढचं काही लागू नाही.

सर्किट तुम्हाला माहीत आहे असं धरतो. बॅटरी, फ्यूज, रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), मोटर, अर्थ (बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट). रिलेला हुकूम देणारा जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत थर्मो स्विच असायचा, आता कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान सांगणारा सेन्सर वाचून ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, देतो. बहुतेक पेट्रोल गाड्यांत साधारण ९५ ते १०० डिग्रीच्या आसपास फॅन लागतो आणि थोडं तापमान उतरलं की बंद होतो. मॉडेलप्रमाणे आकडा बदलतो, त्यामुळे ९० डिग्रीला फॅन लागला नाही म्हणून घाबरून वायरिंग उघडू नका.

हात घालण्याआधी दोन गोष्टी. यात कोणी "चालतंय रे" म्हणालं तरी ऐकू नका. चावी बंद असली तरी काही गाड्यांत फॅन अचानक सुरू होतो. पात्यांजवळ हात घालायचा असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह काढा. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, फडकं धरूनही नाही. आत दाब असतो, त्यामुळे पाणी १०० डिग्रीच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण सैल झालं की तो दाब जातो आणि त्याच क्षणी ते उकळून तोंडावर येतं.

गार गाडीत पहिल्यांदा कूलंटची लेव्हल बघा, रिझर्व्ह टाकीतली नाही, रेडिएटरमधली. कूलंट कमी असेल तर सेन्सर पाण्याऐवजी हवेत लटकतो, त्याला गरमी कळतच नाही आणि फॅनला हुकूम जात नाही. कूलंट बदलल्यावर नीट एअर न काढलेल्या गाडीतही हेच होतं. सगळं वायरिंग चांगलं आणि फॅन बंद, असा प्रकार.

मग इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर फॅन लगेच लागतो. एसीला लागतो पण तापल्यावर लागत नाही, तर मोटर ठीक आहे, सेन्सरच्या बाजूला बघा. मात्र दोन फॅनच्या गाडीत कोणता फिरतोय ते डोळ्यांनी बघून घ्या. एसीलाही लागत नसेल तर चालत्या इंजिनवर कूलंट सेन्सरचं सॉकेट काढून बघा. बऱ्याच ईसीएम सेन्सर तुटला असं समजून सुरक्षिततेसाठी फॅन लावतात. चेक इंजिनचा दिवा लागेल, घाबरू नका, नंतर स्कॅनरने कोड पुसता येतो. सॉकेट काढल्यावर फॅन लागला याचा अर्थ ईसीएमपासून मोटरपर्यंतची लाइन चालते, संशय सेन्सरवर.

तरीही नाही लागला तर रिले. रिलेच्या अंगावर आकृती छापलेली असते. ३० नंबरला कायम सप्लाय, ८७ नंबर मोटरकडे, ८५ आणि ८६ ही कॉइल. काहींवर १, २, ३, ५ असे नंबर असतात, म्हणून पाठ करून जाऊ नका, आकृती वाचा. रिले काढून सॉकेटमध्ये ३० आणि ८७ फ्यूज लावलेल्या वायरने जोडा. फॅन फिरला तर मोटर, तिची वायर आणि अर्थ निर्दोष. इथे घाई करायची नाही. चुकून ३० चा सप्लाय कॉइलच्या पिनवर गेला तर ईसीएमचं आतलं ड्रायव्हर सर्किट जाऊ शकतं, आणि त्याची किंमत तुमच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी असते. नव्या गाड्यांत फॅनला स्वतःचं कंट्रोल मॉड्यूल असतं, तिथे ही जोडाजोडी अजिबात नको, स्कॅनरमधून फॅन चालवून बघा.

आता मुख्य गोष्ट. यासाठीच लिहायला बसलो.

किनारपट्टीकडची एक छोटी पेट्रोल गाडी आमच्याकडे आली होती. दुसरीकडे तिची फॅनची मोटर बदलून झालेली, तरी फॅन बंद. कनेक्टर काढून त्याच्या दोन पिनांवर मीटर लावला, सव्वाबारा व्होल्ट. सप्लाय आहे, अर्थ आहे, म्हणजे मोटरच खराब, हो ना? मोटर काढून थेट बॅटरीवर लावली तर भन्नाट फिरली. परत गाडीत लावली, बंद. त्या गाडीने माझा अख्खा दिवस खाल्ला. फ्यूज शाबूत, रिले नवा टाकून बघितला, ईसीएमवर संशय घेऊन झाला, आणि मीटर प्रत्येक वेळी तेच सव्वाबारा व्होल्ट दाखवत राहिला.

मीटर खोटं बोलत नव्हता. कनेक्टर काढलेला असताना डिजिटल मीटर लाइनमधून जवळजवळ करंटच घेत नाही. वायरची एकच तार शिल्लक असली, अर्थच्या बोल्टखाली गंज असला, तरी त्याला पूर्ण व्होल्ट दिसतात. कुजलेल्या दोरीला रिकामी कळशी बांधून विहिरीत सोडली तर दोरी ठणठणीत वाटते. ती कुजलीय हे भरलेली कळशी ओढताना कळतं.

हिशोब करून बघा, म्हणजे डोक्यात पक्कं बसेल. उभ्या मोटरचा रेझिस्टन्स अर्धा ओहम धरू. अर्थच्या जोडात गंजामुळे एक ओहम आलाय. एकूण दीड. बारा व्होल्टवर करंट जाईल आठ अँपिअर. त्यातले आठ व्होल्ट गंजलेला जोड खातो आणि मोटरला मिळतात चार. चार व्होल्टवर मोटर गुरगुरते फार तर, फिरत नाही. आणि आठ अँपिअरने तीस अँपिअरचा फ्यूज जाणारच नाही, त्यामुळे फ्यूज बघून तुम्ही लाइन ठीक समजता. आता मोटरचा कनेक्टर काढा आणि मीटर लावा : करंट शून्य, जोडावरचा व्होल्टचा तोटा शून्य, मीटरवर पूर्ण बारा. बिघाड तिथेच असतो, फक्त तुम्ही कनेक्टर काढल्यावर तो दिसेनासा होतो.

म्हणून कनेक्टर जोडलेला ठेवून, फॅनला हुकूम असताना मोजायचं. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरी मोटरच्या अर्थ वायरवर, कनेक्टरच्या मागच्या बाजूने. चांगल्या अर्थवर ०.१ किंवा ०.२ व्होल्ट दिसतील. अर्धा व्होल्ट आला तरी जोड उघडून बघायचा. त्या गाडीवर आठच्या जवळ आले. तसंच पॉझिटिव्ह बाजूला : बॅटरीचं पॉझिटिव्ह ते मोटरची सप्लाय वायर. तिथे तोटा दिसला तर एकेक टप्पा मागे या, रिलेचं सॉकेट, फ्यूज बॉक्स, मेन थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवलेली बोल्टची कडी).

हेडलाइटच्या मागे बॉडीवर एक बोल्ट होता. वरून रंग चांगला, वायर चांगली. पण बोटाने धरली तर थिंबलजवळ ती गरम लागत होती. बोल्ट खोलला तर खाली हिरवट-पांढरी भुकटी, आणि इन्सुलेशन सोललं तर वीतभर आतपर्यंत तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर मागे कापली, नवं थिंबल दाबून बसवलं, बॉडीवरचा रंग पॉलिश पेपरने काढून बोल्ट आवळला आणि वर ग्रीस लावलं. फॅन पहिल्याच हुकमाला फिरला.

मीटरने असं मोजायला सुरुवातीला हात बसत नसेल तर हेडलाइटच्या जुन्या ५५ वॅटच्या बल्बला दोन वायरी लावून ठेवा. कनेक्टरवर बल्ब पांढरा पेटला तर लाइनमध्ये दम आहे, पिवळट आणि मंद पेटला तर नाही. एलईडीचा टेस्टर या कामाला निरुपयोगी, तो मीटरसारखाच फसवतो. पण हा बल्ब फक्त सप्लाय आणि अर्थच्या जाड वायरींवर. सेन्सरच्या किंवा ईसीएमच्या बारीक वायरींना चुकूनही लावू नका, तिथे मीटरच.

पावसाळ्यानंतर रिलेचं सॉकेटही असंच फसवतं. रिले काढून पिनांभोवतीचं प्लास्टिक बघा. तपकिरी झालेलं, वितळलेलं असेल तर नवा रिले टाकून उपयोग नाही, सैल पिन त्यालाही जाळेल. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी तर आता रोजच्याच झाल्यात.

स्कॅनर असेल तर वापरा, पण त्याचं वाक्य शेवटचं मानू नका. पी ०४८० कोड फॅनच्या कंट्रोल सर्किटचा, पी ०११७ आणि पी ०११८ कूलंट सेन्सरचे. वरच्या गाडीत एकही कोड नव्हता. ईसीएमला रिलेच्या कॉइलपर्यंतच दिसतं, पुढे मोटरला किती मिळतंय हे त्याला कळत नाही.

आणि "डायरेक्ट" करणं. बिघाड सापडला नाही की चावीच्या लाइनवरून फॅन कायम चालू करून द्यायचा, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. मला तिचा मनापासून राग आहे. चावीच्या स्विचमधून फॅनचा करंट नेला तर स्विचचे पॉइंट जळतात. इंजिन नीट गरमच होत नसेल तर पेट्रोल जास्त जातं. आणि पुढच्या मेकॅनिकला मूळ सर्किट कळत नाही. रात्री घाटात अडकलेल्या कुटुंबाला घरी पोहोचवण्यासाठी, फ्यूज आणि रिले लावून, तात्पुरतं केलं तर मी समजू शकतो. पण बिलावर तसं लिहून द्या आणि गाडी परत बोलवा.

उस्ताद निवडता येत असेल तर मीटर तुमच्या हातात देणारा निवडा. "मोटर बदलून बघ, मग रिले बदलून बघ" म्हणणाऱ्याकडे हात वेगवान होतो, पण कारण शोधायला शिकत नाही. निवड नसेल तरी हरकत नाही, खचू नका. दुपारी काम नसताना कुठल्याही चांगल्या गाडीवर तोटा मोजत राहा. चांगली गाडी काय आकडे देते हे माहीत असलं की खराब आकडा लगेच खटकतो. इलेक्ट्रिकल आपल्याला जमत नाही म्हणणारी कितीतरी मुलं मी याच एका सवयीने तयार होताना पाहिलीत.

दुरुस्ती झाल्यावर एसी बंद ठेवून गाडी उभ्याउभ्या चालू ठेवा. फॅन आपोआप लागून बंद झालेला निदान दोनदा बघा, मग अर्थवरचा तोटा पुन्हा मोजा. गिऱ्हाइकाला विचारा, काटा लालवर असताना गाडी किती चालवली. बरीच चालवली असेल तर ऑइलची पट्टी काढून तेल दुधाळ झालंय का बघा आणि चालत्या इंजिनवर रिझर्व्ह टाकीत बुडबुडे येतात का तेही. हेड गॅस्केटची (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलची) शंका असेल तर गाडी देतानाच स्पष्ट सांगा, आणि आठवडाभर रोज सकाळी गार इंजिनवर कूलंटची लेव्हल बघायला लावा. ती उतरत गेली तर गाडी लगेच परत आणायला सांगा.