डायनोवर काम शिकताना: सकाळचा आकडा दुपारी का पडतो

वाळूज-शेंद्र्याच्या औद्योगिक पट्ट्यात डायनोवर, म्हणजे गाडीची चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या मशीनवर, टेस्टिंगला नवीन लागलेली पोरं हमखास विचारतात, "सर, सकाळी १०० हॉर्सपॉवर दाखवणारी गाडी दुपारी ९४ वर आली. मशीन बिघडलं का?" बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं.

छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंच. म्हणजे हवेचा दाब आधीच कमी, त्यात मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. हवा विरळ झाली की सिलिंडरला ऑक्सिजन कमी मिळतो, ताकद घटते. म्हणून आकड्याला करेक्शन फॅक्टर लावतात, म्हणजे ठरावीक तापमान-दाबाच्या हवेत किती आला असता त्या हिशोबात तो आणणारा गुणक. एसएई जे१३४९ या अमेरिकन मानकाचा आधार २५ अंश आणि कोरड्या हवेचा ९९ किलोपास्कल दाब. जर्मन डीआयएन मानकाचा २० अंश आणि १०१.३ किलोपास्कल. त्यामुळे एकाच रनचा (डायनोवरच्या एका मोजणीचा) डीआयएन आकडा मोठा दिसतो. आपल्या उन्हाळ्यात विनाटर्बो (हवा दाबून भरणारा टर्बो नसलेल्या) पेट्रोल इंजिनाला एसएईची दुरुस्ती दहा टक्क्यांच्या घरात जाते. टर्बो इंजिन दाबाची कमी बरीचशी स्वतःच भरून काढतं. त्याला हाच फॅक्टर लावला की आकडा उगाच फुगतो.

मी नव्या माणसाला सगळ्यात आधी तापमानाचा सेन्सर शोधायला लावतो. आपल्याकडे डायनोच्या खोलीत कूलर असतो. सेन्सर त्याच्या वाऱ्यात लटकत असेल, तर कॉम्प्युटरला ३० अंश दिसतात आणि इंजिन मात्र बॉनेटखालची ५० अंशांची हवा ओढत असतं. मग दुरुस्ती अपुरी पडते आणि दोष गाडीच्या माथी येतो. सेन्सर एअर फिल्टरच्या तोंडाशीच हवा. पंख्याचा झोत रेडिएटरवर धरा आणि दोन रनमध्ये इंजिनाला दम खाऊ द्या. तापलेल्या इंजिनाचं इग्निशन टायमिंग ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो आणि ताकद घटते.

गाडी डायनोवर बांधायचे पट्टे जास्त आवळले की टायर रोलरवर दबतो आणि ताकद तिथेच खर्च होते. टायरमधली हवा कमी असली तरी तेच. गिअरही दर वेळी तोच ठेवा.

ब्रोशरमधला आकडा इंजिनाचा, आपला चाकांवरचा. मधल्या गिअरबॉक्स-डिफरन्शियलचा खर्च ठरावीक टक्के धरून परत मिळवणं मला पटत नाही, तो अंदाजच. एककही बघा: १०० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) म्हणजे ९८.६ हॉर्सपॉवर.

रीमॅपने (ईसीयूचं सेटिंग बदलून) किती वाढलं हे गिऱ्हाइकाला दाखवायचं असेल, तर आधीचा आणि नंतरचा रन त्याच डायनोवर, त्याच दिवशी घ्या. प्रिंटवर फॅक्टर, तापमान आणि दाब छापून द्या.