‘अर्थशास्त्र’ हा शब्द वापरताना या चुका टाळा

‘यंदा सोलापूरचं अर्थशास्त्र कोलमडलं’ असं वाक्य भाषणांत आणि मुलांच्या निबंधांत सर्रास भेटतं. कोलमडते ती अर्थव्यवस्था. यंत्रमाग थांबले, विडी कामगारांच्या हाताला काम उरलं नाही, बाजार समितीत कांद्याचे भाव पडले, हे अर्थव्यवस्थेत घडतं. ते का घडलं याचा शोध घेणारी विद्या म्हणजे अर्थशास्त्र. शंका आली की त्या जागी ‘अभ्यास’ घालून पाहावं. ‘सोलापूरचा अभ्यास कोलमडला’ हे जमत नाही, म्हणजे शब्द चुकला.

या कसोटीला एक अपवाद आहे. ‘चादरीचं अर्थशास्त्र’ म्हणणाऱ्याला मी अडवणार नाही. सुताचा दर, विजेचं बिल, मजुरी आणि शेवटी हाती काय उरतं, हा सगळा ताळमेळ सांगायला तो शब्द मराठीत रुळला आहे. सत्ता आणि हितसंबंधही त्यात ओवायचे असतील तर ‘अर्थकारण’ अधिक नेमका: उसाचं अर्थकारण.

सगळ्यांत जास्त नुकसान करणारी चूक वेगळीच आहे. अर्थ म्हणजे पैसा, म्हणून अर्थशास्त्र म्हणजे पैसे कमावण्याचं शास्त्र, अशी समजूत करून मुलं अकरावीला हा विषय घेतात आणि पहिल्याच धड्यात गोंधळतात. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ लायोनेल रॉबिन्स यांनी 1932 साली केलेली व्याख्या इथे उपयोगी पडते: गरजा अनेक, साधनं मर्यादित, आणि त्या साधनांचे उपयोगही अनेक, अशा वेळी माणूस निवड कशी करतो, त्याचा हा अभ्यास. आपल्या जिल्ह्याला हे समजावून सांगायची गरज पडू नये. उजनी धरणाचं पाणी तेच, पण ते उसालाही हवं आणि शहराच्या नळांनाही. जमिनीतल्या ओलीवर येणारी ज्वारी सोडून कुणी ऊस लावला, तर हुकलेली ज्वारी आणि कडबा हाही उसाचा खर्चच. त्याला संधी खर्च म्हणतात. तो कुठल्याही पावतीवर दिसत नाही, म्हणून हिशेबातून निसटतो. अर्थशास्त्र शिकायचं ते हा खर्च दिसू लागावा म्हणून, असं मला मनापासून वाटतं.

कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’चा दाखला देतानाही सांभाळावं. त्यात कर आणि खजिना आहे, तसे हेर, युद्ध आणि न्यायदानही आहे. तो राज्यकारभाराचा ग्रंथ आहे. आजच्या विषयाची व्याख्या म्हणून तो उद्धृत करू नये.

‘आर्थिक दरात टॉवेल’ हे इंग्रजी ‘इकॉनॉमिकल’च्या भाषांतराचं मराठी झालं. किफायतशीर म्हणा, परवडणारे म्हणा.

आता महागाई. दर 6 टक्क्यांवरून 4 वर आला की ‘वस्तू स्वस्त झाल्या’ असं लिहिलं जातं. समजा 100 रुपयांची थाळी पहिल्या वर्षी 106 ला गेली. पुढच्या वर्षी 4 टक्के वाढून ती 110 रुपये 24 पैशांना मिळेल. वाढ मंदावली, थाळी महागच झाली. ‘स्वस्ताई’ हा शब्द महागाईचा दर शून्याखाली गेला तरच लिहावा.