संयुक्त सरावासाठी इंग्रजीचे वर्ग : संयोजकांनी या चुका टाळाव्यात

भारत आणि अमेरिका यांच्या नौदलांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या ‘मलबार’ सरावात आज जपान आणि ऑस्ट्रेलियाही असतात. अशा सरावात उपयोगी पडेल असे इंग्रजी शिकवणारा वर्ग रत्नागिरीत किंवा मालवणात उभा करायचा असेल, तर सर्वांत महागात पडणारी चूक प्रवेशाच्या दिवशीच होते. ती म्हणजे सगळ्यांची एकच परीक्षा घेऊन एकच गुण देणे. बारावीला इंग्रजीत उत्तम गुण मिळवलेला देवगडचा मुलगा उतारा वाचून अचूक उत्तरे लिहितो, पण व्हीएचएफ या बिनतारी संचावरून खरखरत आलेली सूचना त्याला उमगेलच असे नाही. ‘नाटो’ची ६००१ क्रमांकाची प्रमाणश्रेणी श्रवण, संभाषण, वाचन आणि लेखन या चारही कौशल्यांना शून्य ते पाच अशी स्वतंत्र पातळी देते. भारत ‘नाटो’चा सदस्य नसला, तरी ही विभागणी उचलण्यासारखी आहे.

वर्गात चुरूचुरू बोलणारा विद्यार्थी संचावर गप्प होत असेल, तर दोष बहुधा त्याचा नसतो. त्याच्या कानाला एकाच शिक्षकाच्या, तेही समोरून येणाऱ्या आवाजाची सवय झालेली असते. शिक्षकाने पाठमोरे उभे राहून बोलावे, जपानी आणि ऑस्ट्रेलियन वक्त्यांची ध्वनिमुद्रणे ऐकवावीत आणि गोंगाट मुद्दाम ठेवावा. पत्र्यावर पाऊस कोसळू लागताच श्रवणाचा तास रद्द करणारे संयोजक मला अनाकलनीय वाटतात, कारण इतका चांगला सराव फुकट मिळत असतो.

आकड्यांकडे होणारे दुर्लक्षही घातक ठरते. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत घोटाळा होऊ नये, म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या प्रमाण वाक्प्रयोगांत अंक सुटे उच्चारले जातात, म्हणजे १५० हे ‘वन फाइव्ह झीरो’ होते. लष्करी संचावर पाच आणि नऊ यांची गल्लत टाळण्यासाठी ‘फाइफ’ आणि ‘नाइनर’ म्हणतात. ऐकू न आल्यास ‘से अगेन’ म्हणावे, ‘रिपीट’ नव्हे. तोफखान्याच्या संदेशात ‘रिपीट’ म्हणजे तोच मारा पुन्हा करा.

आणखी एक दुखणे आपल्याकडे विशेष आढळते : वरिष्ठांसमोर न समजताही ‘येस सर’ म्हणणे. त्यावर उपदेश करून काही साधत नाही. ऐकलेली सूचना स्वतःच्या तोंडाने परत सांगितल्याशिवाय ती पोहोचली असे धरायचे नाही, हा नियम पहिल्या तासापासून लावावा, आणि सुरुवातीचे काही आठवडे अधिकारी व खलाशी यांच्या तुकड्या वेगळ्या ठेवाव्यात.

व्याकरणाचा पसारा आवरता घ्यावा. वर्ग आणि प्रत्यक्ष सराव यांत मोठे अंतर पडत असेल, तर मधल्या काळात उजळणीचे तास ठेवावेत. शेवटी, इंग्रजीत पारंगत असलेल्या अधिकाऱ्यांना वर्गातून सूट देऊ नये. भरभर, वाक्प्रचार पेरत बोलणाऱ्या माणसाचे बोलणेच दुसऱ्या देशाच्या खलाशाला सर्वांत अवघड जाते. त्यामुळे आखूड वाक्यांत, सावकाश बोलण्याचा सराव त्यांच्याकडूनही करून घ्यावा लागतो.