उबुंटू सुरू होताना स्क्रीन काळी राहिली तर

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निघालेल्या जुन्या डेस्कटॉपवर उबुंटूसारखं लिनक्स टाकलं की ही अडचण येऊ शकते. फॉरमॅट मारायची घाई करू नका.

आधी केबल बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटर त्यालाच जोडा, मदरबोर्डच्या पोर्टला नाही.

मग कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा. अक्षरी लॉगिन आलं तर सिस्टीम जिवंत आहे. लॉगिन करून ‘डीएफ -एच’ (df -h) ही डिस्क किती भरली ते दाखवणारी आज्ञा चालवा. मुख्य विभाजन (यादीत ‘/’ असं दिसणारं) १०० टक्के भरलं असेल तरीही ग्राफिकल लॉगिन अडतं.

काहीच आलं नाही किंवा डिस्क भरलेली नसेल तर रीस्टार्ट करताना एस्केप (जुन्या बायोसवर शिफ्ट) दाबून ग्रब मेनू (कोणती सिस्टीम सुरू करायची त्याची यादी) आणा. उबुंटूच्या ओळीवर ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी, ‘क्वाएट स्प्लॅश’नंतर (quiet splash) जागा सोडून ‘नोमोडसेट’ (nomodeset, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरऐवजी साधा डिस्प्ले वापर) सलग लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल एकाच बूटपुरता असतो, आणि तसाच असावा. कायम ठेवला तर रिझोल्यूशन कमी आणि व्हिडिओ अडखळत.

आत गेल्यावर, कार्ड एनव्हिडियाचं असेल तर ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’मधून एनव्हिडियाचा शिफारस केलेला ड्रायव्हर घ्या. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर पासवर्ड ठरवायला सांगतात. पुढच्या बूटला येणाऱ्या निळ्या पडद्यावर ‘एनरोल मॉक’ (Enroll MOK, म्हणजे ड्रायव्हरच्या सहीची चावी नोंदवणे) निवडून तोच पासवर्ड द्या. बरेच जण तिथे त्याऐवजी ‘कंटिन्यू बूट’ दाबतात, मग ड्रायव्हर लोडच होत नाही.