पॅलेटचं लाकूड ओळखताना या चुका टाळा

न्हावा शेवा बंदरात उतरलेल्या मालाखालचे पॅलेट, म्हणजे फळ्या ठोकून केलेले लाकडी तळ, रिकामे झाले की गोदामांतून भंगारात आणि तिथून सुतारकाम करणाऱ्यांकडे येतात. त्यात पाइन भरपूर असतं, पण अधूनमधून ओक, बीच, केरुइंग (आग्नेय आशियातलं राळेचं लाकूड), आंबा किंवा निलगिरीची फळीही हाती लागते. ती नेमकी कशाची, हे रंधा मारण्याआधीच पाहावं. तांबड्या ओकचं बाकडं अंगणात ठेवलं तर पावसात कुजतं, आणि केरुइंगमधली राळ उन्हात बाहेर येऊन पॉलिश चिकट करते.

शिक्क्यावरून झाड ठरवणं

गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असलेला आयएसपीएम १५ चा (लाकडी वेष्टनातून कीड पसरू नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का देशाचा कोड, उत्पादकाचा क्रमांक आणि कीड मारण्याची प्रक्रिया एवढंच सांगतो. झाडाची जात त्यात नसते. देशही प्रक्रिया झाली तिथला असतो, झाड वाढलं तिथला नव्हे. न्यूझीलंडचं पाइन गुजरातेत कापून केलेल्या पॅलेटवर भारताचाच कोड येतो.

शिक्क्यावरचं ‘एचटी’ (हीट ट्रीटमेंट, म्हणजे उष्णतेची प्रक्रिया) म्हणजे लाकूड वाळवलेलं, हा गैरसमज तर फारच पसरला आहे. एचटीत लाकडाचा गाभा सलग ३० मिनिटं किमान ५६ अंश सेल्सियसवर ठेवतात. त्याने कीड मरते, ओल जात नाही. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते लाकूड घेऊच नका. निळ्या रंगाचे पॅलेट चेप या कंपनीच्या मालकीचे, भाड्याने फिरणारे असतात. तेही फोडू नका.

वरच्या रंगावर भरवसा ठेवणं

ऊन-पावसात सगळी लाकडं सारखीच राखाडी होतात. त्यामुळे फळीची पाठ पाहून काही कळत नाही. ओळख पटते ती टोकाच्या आडव्या छेदात, आणि इथेच सगळ्यात जास्त घाई होते. करवतीने कापलेलं टोक तसंच भिंगाखाली धरलं तर दिसतात फक्त चुरगळलेले तंतू. पॉलिश पेपर मारला तर भुसा छिद्रांत बसतो.

आधी टोकाचे ५ सेंमी कापून टाका, कारण तिथे भेगा आणि खिळे असतात. नव्या टोकावरचा बोटाच्या नखाएवढा भाग पाण्याने ओला करा आणि कोऱ्या पात्याने कागदासारखे पातळ काप काढा. पातं दोन-तीन कापांनंतर बदला. दहापट भिंग डोळ्याला चिकटवून लाकूड त्याच्याजवळ आणा. उजेड बाजूने येऊ द्या.

छिद्रंच नसतील तर ते पाइन-स्प्रूससारखं सूचिपर्णी लाकूड. छिद्रं असतील तर ती कशी पसरली आहेत ते बघा. ओक, ॲश आणि सागात वाढवलयाच्या (खोडात दरवर्षी पडणाऱ्या कड्याच्या) सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग असते. ओकमध्ये गाभ्याकडून सालीकडे जाणारे रुंद पट्टे नुसत्या डोळ्यांनी दिसतात, ॲशमध्ये दिसत नाहीत. बीचमध्ये छिद्रं बारीक आणि सगळीकडे सारखी, तरी पट्टे स्पष्ट. आंब्याच्या छिद्रांभोवती फिकट कडं असतं. निलगिरीची छिद्रं बहुतेक सुटी आणि तिरक्या ओळीत असतात. पांढरट राळवाहिन्या लांब सलग रेषेत असतील तर मेरांटी (हेही आग्नेय आशियातलं), विखुरलेल्या किंवा तुटक असतील तर केरुइंग असण्याची शक्यता जास्त.

ओक निघालाच, तर तांबडा की पांढरा हेही तपासा. दोन्ही टोकं पात्याने साफ केलेला ३ सेंमी लांबीचा तुकडा घ्या, एका टोकाला साबणाचं पाणी लावा आणि दुसऱ्या टोकातून जोराने फुंका. फेस आला तर तांबडा. पांढऱ्या ओकची छिद्रं आतून बुजलेली असतात, म्हणून हवा जात नाही. पाण्याला तो टिकतो तोही त्यामुळेच.

जड म्हणजे साग

साग मुळात फार जड नाही. वाळल्यावर घनता दर घनसेंमीला ०.६५ ग्रॅमच्या आसपास. हाताला तेलकट लागणं आणि ताज्या कापाला चामड्यासारखा वास, या त्याच्या खुणा. आणि पॅलेटमध्ये साग घालणं कुणालाच परवडत नाही, हे लक्षात असू द्या.

वजन करायचंच तर १०×५×२ सेंमीचा नेमका तुकडा कापा. तो १०० घनसेंमी भरतो, म्हणून ग्रॅममधल्या वजनाला १०० ने भागलं की घनता मिळते. पण तुकडा आधी काही आठवडे सावलीत वाळवा आणि दोन वजनांत फरक पडेनासा झाला की मगच आकडा धरा. ओलं पाइन हातात कठीण लाकडाइतकं भरतं.

खिळ्याभोवतीचा काळा डाग म्हणजे ओक

लोखंड आणि टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) भेटलं की काळं होतं, आणि टॅनिन बाभळीतही असतं. स्टीलवूल (लोखंडी तारांचा मऊ गुंता) रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ते पाणी ताज्या कापावर लावा. काळं झालं तर टॅनिन आहे, एवढंच म्हणा. दहा मिनिटांतही फिकट राहिलं तर मात्र ओक बाद.

एक फळी पाहून अख्खा पॅलेट ठरवणं

वरच्या फळ्या एका झाडाच्या, खालचे आडवे दांडे दुसऱ्याच, आणि दुरुस्तीत घातलेली फळी तिसऱ्याची, हे नेहमीचं आहे. प्रत्येक फळी वेगळी तपासा. तेलाचे किंवा रसायनाचे डाग असतील ती फळी बाजूला काढा, वास घेऊन बघू नका. अनोळखी लाकूड घासताना मास्क लावा; काही लाकडांच्या भुशाने दमा उठतो.

वखारीतून आंबा, बाभूळ, निलगिरी, साग आणि रबरवूडचे ठाऊक असलेले तुकडे मागून घ्या. त्यांची टोकं याच पद्धतीने साफ करून पाठीवर नाव लिहून ठेवा. शेजारी शेजारी धरून पाहिल्यावर जो फरक कळतो तो वर्णन वाचून कळत नाही. तरीही नाव लागलं नाही तर फळीवर घनता आणि छिद्रांची मांडणी लिहून ती घरातल्या कोरड्या जागेच्या कामाला वापरा. पोळपाट, फळं कापायची पाटी यांना नाव न लागलेलं लाकूड लावू नका.