युफोर्बिया मिली फुलता ठेवायचा तर

युफोर्बिया मिली या काटेरी फुलझाडाची पानं गळू लागली की बहुतेक जण पहिल्यांदा पाण्याची झारी उचलतात. माझं म्हणणं, आधी फांदी दाबून बघा. काटे सांभाळून, दोन बोटांनी, बुडाशी. फांदी टणक असेल तर झाड तहानेनं पानं टाकतंय. तो मूळचा मादागास्करचा, कोरड्या ऋतूत पानं उतरवून तग धरणं त्याच्या अंगात आहे. पण फांदी मऊ, भुरकट लागली, तर मुळं कुजायला लागली आहेत आणि घातलेला प्रत्येक तांब्या त्याला मारणार आहे. दोन्ही वेळा पानं पिवळीच पडतात, म्हणून नुसत्या पानांवरून ठरवू नका.

पाणी द्यायचं ते बोट दोन पेरं मातीत घालून, आत कोरडं लागलं तरच. मग मात्र पोटभर द्यावं, खालच्या भोकातून वाहीपर्यंत, आणि ताटलीत साचलेलं ओतून टाकावं. रोज थोडं थोडं शिंपडणं सगळ्यात वाईट. थंडीत पाण्याच्या पाळ्या आणखी लांबवाव्यात. पावसाची झड लागली की कुंडी छपराखाली घ्यावी.

मातीची कुंडी मला प्लॅस्टिकपेक्षा बरी वाटते, ती लवकर सुकते. कुंडी झाडाच्या मानानं लहानच असू द्या, मोठ्या कुंडीत ओल रेंगाळते. एक भाग बागेची माती, एक भाग जाडी वाळू किंवा विटांचा चुरा आणि अर्धा भाग मुरलेलं शेणखत, एवढं पुरतं. जागा घरातली सगळ्यात उन्हाची. रोज पाच-सहा तास थेट ऊन मिळालं तर तो जवळजवळ वर्षभर फुलतो. सावलीत फांद्या लांबुडक्या होतात आणि फुलं बंद. ज्याला आपण पाकळ्या म्हणतो ती खरं तर रंगीत छदं, म्हणजे फुलाला लागून असलेली पानंच, खरं फूल मधे बारीकसं असतं. म्हणूनच तो रंग आठवडेच्या आठवडे टिकतो. पारा दहा अंशांच्या खाली जाऊ लागला की झाड आत आणावं.

आता छाटणी. जुन्या फांदीवर जिथून पान गळलं तिथे ते पुन्हा येत नाही, त्यामुळे काही वर्षांनी झाड खाली उघडंबोडकं आणि शेंड्याला झुपका असं दिसतं. उन्हाळा लागताना निर्धास्त कापा, कापाखालून नवे फुटवे येतात. पण हातमोजे घाला आणि चष्माही, यात मी अजिबात सूट देत नाही. चीक विषारी आहे. कातडीला लागला तर आग होते, लगेच साबणानं धुवावं. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्यानं बराच वेळ धुऊन थेट डॉक्टरकडे. लहान मुलं किंवा कुत्री-मांजरं असतील तर कुंडी त्यांच्या हाताला, तोंडाला लागणार नाही अशीच ठेवा.

कापलेले शेंडे टाकू नका, त्यांचीच रोपं होतात. बोटभर लांबीचा तुकडा घ्या, कापलेलं टोक पाण्यात बुडवा म्हणजे चीक थांबतो, खालची पानं काढा आणि सावलीत चार-पाच दिवस वाळू द्या. टोकावर कोरडी खपली धरली की जेमतेम ओलसर वाळूत खोचा. खपली धरण्याआधी लावलेलं कलम बहुधा कुजतं, तेव्हा इथे घाई नको. मुळं धरायला महिना-दीड महिना लागतो. तोवर उपटून बघू नका, हलक्या हातानं ओढल्यावर अडतंय का एवढंच पाहा.

खत फुटव्याच्या दिवसांत महिन्यातून एकदा, तेही पातळ. नत्र जास्त झालं तर पानंच माजतात. फांद्यांच्या बेचक्यांत कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. सुरुवातीलाच जुन्या ब्रशनं घासून काढा आणि शेजारच्या कुंड्याही त्याच दिवशी तपासा.